२०-८! पायरेट्सवाल्यांनो, ऑक्टोबर मोकळा ठेवू का?

माधवी_मोनरोव्हिल
३० एप्रिल २०२३

नमस्कार मंडळी,

रात्रपाळी संपवून आत्ताच घरी आले. झोपायला हवं, पण लेकाने फ्रिजवर चिकटवलेला कागद पाहिला आणि लॅपटॉप उघडला. कागदावर मोठ्या अक्षरात '२०-८', म्हणजे आमच्या पायरेट्सनी, पिट्सबर्गच्या बेसबॉल संघाने, वीस सामने जिंकले, आठ हरले, आणि खाली, 'आई, तिकिटं काढू नकोस.'

आम्ही पिट्सबर्गजवळ मोनरोव्हिलला राहतो. मला इथे येऊन अठरा वर्षं झाली. येत्या ८ ऑक्टोबरला साताऱ्यात माझ्या बाबांची पंचाहत्तरी आहे. शाळेतून दहा-बारा दिवसांची रजा घेऊन आम्ही तिघं जाणार होतो, विमानाची तिकिटं याच आठवड्यात काढायची ठरली होती. आणि आता अकरा वर्षांचा ईशान म्हणतोय की ऑक्टोबरात कुठेही जायचं नाही, कारण ऑक्टोबरात पायरेट्स प्लेऑफ, म्हणजे हंगामाअखेरचे बाद फेरीचे सामने, खेळणार.

काल वॉशिंग्टनला आमच्या पोरांनी एकाच दिवसात दोन सामने जिंकले. शुक्रवारचा पावसात गेला होता, तो काल भरून काढला. दुसरा तर १६-१. आता नॅशनल लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन लीगांपैकी एक) सगळ्यांच्या वर आम्ही. गेल्या वर्षी याच संघाने १०० सामने हरले होते, त्याच्या आदल्या वर्षी १०१. १९९३ ते २०१२ असे सलग वीस हंगाम हा संघ जिंकण्यापेक्षा जास्त हरला. मधे २०१३ ते २०१५ तीन वर्षं प्लेऑफ पाहायला मिळाले, आणि पुन्हा उतरती कळा. शेवटची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम मालिका, जिंकली ती १९७९ साली. म्हणून गेले दोन आठवडे या गावात चमत्कारिक वातावरण आहे. आमच्या फार्मसीत औषधं घ्यायला येणारी माणसं बिल देता देता थांबतात आणि विचारतात, 'काल पाहिलंत का?' हिवाळाभर ज्यांच्या तोंडून शब्द निघत नव्हता, ती माणसं.

मॅककचन परत आलाय, हे तर आहेच. २०१३ चा एमव्हीपी म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू, नऊ हंगाम आमचा, मग दुसरीकडे गेला आणि पाच वर्षांनी घरी आला. ७ एप्रिलला घरच्या पहिल्या सामन्यात तो बॅट घेऊन आला तेव्हा आमचं मैदान, अख्खं पीएनसी पार्क, उभं होतं. रेनॉल्ड्सने याच आठवड्यात आठ वर्षांच्या करारावर सही केली, क्लबच्या इतिहासातला सगळ्यात मोठा करार. इतकी वर्षं चांगला खेळाडू म्हणजे लवकरच विकला जाणारा खेळाडू, अशी इथल्या पोरांची समजूत झाली होती. ईशानला मी पहिल्यांदाच सांगू शकले की हा राहणार आहे, याच्या नावाचा शर्ट घे. शेवटच्या इनिंगला येणारा बेडनार तर इथलाच, शहराच्या उत्तरेला मार्स नावाचं गाव आहे तिथला. आणि पोरं पळतात हो! या वर्षीपासून बेस (धाव घेताना गाठायचे टप्पे) मोठे झालेत, पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) मागे वळून बेसवर चेंडू टाकायला दोनदाच मुभा आहे, त्याचा आमच्या पोरांनी पुरेपूर फायदा घेतलाय. ओनील क्रूझचा घोटा ९ एप्रिललाच मोडला, तेव्हा वाटलं की झालं, संपलं. पण थांबले नाहीत.

आता खरी गोष्ट. मला बेसबॉल शिकवला तो शेजारच्या आजोबांनी. ब्रॅडकच्या पोलाद कारखान्यात त्यांची सगळी नोकरी गेली. मी नवीन लग्न होऊन आले तेव्हा संध्याकाळी ते ओसरीवर रेडिओ लावून बसायचे आणि मांडीवर एक आडवी वही असायची. प्रत्येक बॅटरसाठी एक चौकोन, चौकोनात बारीक शंकरपाळा. माणूस एका बेसवरून दुसऱ्यावर गेला की शंकरपाळ्याची एक बाजू गडद करायची, धाव पूर्ण झाली की आतून भरून टाकायचा. तीन स्ट्राइक होऊन बाद झाला तर 'के'. मला इंग्रजी धड बोलता येत नव्हतं, पण ती वही वाचता यायला लागली. पुढे ईशान त्यांच्याकडे बसायला लागला. १९६० साली पायरेट्सच्या मॅझेरोस्कीने वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्याच्या नवव्या इनिंगला षटकार, चुकले, होमर मारून न्यू यॉर्कच्या यँकीजना हरवलं, तेव्हा आजोबा बारा वर्षांचे होते. ती गोष्ट ईशानने त्यांच्याकडून किमान पन्नास वेळा ऐकली असेल.

गेल्या नोव्हेंबरात आजोबा गेले. मॅककचन परत आल्याचं त्यांना कळलंच नाही. मार्चमध्ये आजींनी त्यांची अर्धी कोरी राहिलेली वही ईशानला आणून दिली, टोक केलेल्या पेन्सिलीसकट.

बुधवारी, २६ तारखेला, आम्ही दोघं डॉजर्सविरुद्धचा सामना बघायला गेलो. पायरेट्सचा जुना दिग्गज क्लेमेंटे याच्या नावाचा पूल दुरुस्तीसाठी बंद आहे, म्हणून शेजारच्या सातव्या रस्त्याच्या पुलावरून चालत गेलो. ईशान तिथेसुद्धा मला सांगत होता की उजवीकडची भिंत २१ फूट उंच आहे, कारण क्लेमेंटेचा शर्ट २१ नंबरचा. आठव्या इनिंगला मॅककचनच्या जागी ड्रू मॅगी आला. वय ३३. तेरा वर्षं खालच्या लीगांमध्ये खेळला, अकराशेहून जास्त सामने, आणि मेजर लीगमध्ये हा पहिला. सगळे उभे राहिले. त्याच्या नावाचा गजर सुरू झाला तो थांबेना. माझ्या पुढच्या रांगेतले एक गृहस्थ टोपी छातीशी धरून उभे होते. आणि मॅगी तीन स्ट्राइकवर बाद झाला. तरीही सगळे उभेच, टाळ्या चालूच. मी ईशानकडे पाहिलं तर पेन्सिल चौकोनावर धरून तो तसाच बसलेला. 'लिहायलाच पाहिजे का?' म्हणाला. मी म्हटलं, आजोबांनी लिहिलं असतं. मग त्याने 'के' काढला, इतका छोटा की दिसेल न दिसेल. काल वॉशिंग्टनला मॅगीने पहिला हिट मारला, म्हणजे फटका मारून बेस गाठला, तेव्हा त्या पानावर परत जाऊन त्या 'के'शेजारी एक चांदणी काढली.

तर मंडळी, तुम्ही इतकी वर्षं हा खेळ बघताय, म्हणून विचारते. एप्रिलमधल्या या सुरुवातीवर किती विश्वास ठेवायचा? मला पोराची आशा मोडायची नाही. पण बाबांची पंचाहत्तरीही एकदाच येते. कुठल्या महिन्याची तिकिटं काढू?


मिलवॉकीचा_अण्णा
३० एप्रिल २०२३

माधवीताई, वाचून गलबललो. आजोबांची वही जपून ठेवा.

आमच्या गावची गोष्ट सांगतो. मी इथे १९९८ ला आलो, पण कारखान्यातले जुने लोक १९८७ बद्दल अजून असं बोलतात जणू गेल्या महिन्यात घडलं. त्या वर्षी ब्रूअर्सनी पहिले तेरा सामने ओळीने जिंकले. त्यातच हुआन निएवेसने बाल्टिमोरला नो-हिटर टाकला, म्हणजे अख्ख्या सामन्यात समोरच्यांना एकही हिट मिळू दिला नाही. आणि ईस्टरच्या रविवारी, बारावा सामना, नवव्या इनिंगला तीन धावांनी मागे. रॉब डीअरने तीन धावांचा होमर मारून बरोबरी केली आणि पाठोपाठ डेल स्वीमने दुसरा मारून सामना संपवला. इथल्या एका हॅम्बर्गरच्या दुकानसाखळीने पिढ्यान् पिढ्या सांगून ठेवलं होतं की संघ ओळीने बारा जिंकला तर बर्गर फुकट. शब्द पाळला, १ लाख ६८ हजारांच्या वर बर्गर वाटले. आमचा एक फोरमन सांगायचा की तो बापाचं बोट धरून त्या रांगेत उभा होता.

आणि मे महिन्यात तोच संघ ओळीने बारा हरला. शेवटी ९१ जिंकून तिसरा. त्या काळी तिसऱ्याला प्लेऑफमध्ये जागा नव्हती.

पण एक सांगू? त्या फोरमनला मी 'तिसरे आलात ना शेवटी' असं म्हणून पाहिलं होतं. तो म्हणाला, त्या रविवारी मी बापाबरोबर होतो. बास, पुढे काही बोलला नाही.

तिकिटांचं मला सांगता येणार नाही. पण मे-जूनमध्ये पोराला जमेल तितकं मैदानावर न्या. हे दिवस चालू असतानाच बघून घ्यायचे असतात.


हिशेबनीस_एडिसन
३० एप्रिल २०२३

वहिनी, मी आकडेवारीचा माणूस. जे दिसतं ते सांगतो, राग मानू नये.

१६२ पैकी २८ सामने झाले, म्हणजे साधारण सतरा टक्के. आयपीएलच्या साखळीत संघाला चौदा सामने असतात, त्या हिशेबात तुमचा संघ अजून तिसऱ्या सामन्याच्या मध्यावर आहे. तिथे कोणी कपाची तयारी करत नाही.

दुसरं, १६ एप्रिलला तुम्ही ९-७ होतात. म्हणजे नंतरच्या बारापैकी अकरा जिंकलात. त्यातले रॉकीजविरुद्ध तीन, रेड्सविरुद्ध चार, नॅशनल्सविरुद्ध दोन. हे तिन्ही संघ गेल्या वर्षी तळाला होते. डॉजर्सकडून घेतलेले दोन मात्र खणखणीत.

आता पुढचं. उरले १३४. गेल्या वर्षीच्याच दर्जाने खेळलात तर त्यातले ५१ येतील, एकूण ७१. थोडी सुधारणा धरून शेकडा ४५ जिंकलात तर ८०. माझा अंदाज या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी.

पण ईशानच्या बाजूनेही एक हिशेब आहे, तो त्याला जरूर दाखवा. गेल्या वर्षीपासून प्रत्येक लीगमधून सहा संघ आत जातात. गेल्या वर्षी नॅशनल लीगमध्ये सहावा संघ ८७ जिंकून गेला होता. ८७ वजा २० म्हणजे ६७. आणि १३४ चे निम्मे किती? ६७. म्हणजे इथून पुढे तुमच्या संघाने निम्मे जिंकले, निम्मे हरले तरी चालेल. एप्रिलची कमाई ती हीच. जिंकलेले वीस कोणी काढून घेत नाही.

शक्यता विचाराल तर मी कमीच धरीन. पण पोराचं म्हणणं निराधार नाही.


माधवी_मोनरोव्हिल
१ मे २०२३

अण्णा, हिशेबनीस, दोघांचेही मनापासून आभार. राग कसला! ६७ चा हिशेब ईशानला दाखवला, त्याने तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. काल मात्र हरलो, त्यामुळे २०-९. आता १३३ पैकी ६७, असं त्याने स्वतःच खाली दुरुस्त केलं.

अण्णा, तुमच्या फोरमनची गोष्ट मी यांना वाचून दाखवली.

उद्यापासून तीन सामने टँपा बेला आहेत. तिकडचं कोणी आहे का इथे?


सेंटपीटचा_सावंत
१ मे २०२३

आहे ना, ताई. मूळचा कुडाळचा, गेली नऊ वर्षं सेंट पीटर्सबर्गला.

टँपा बेच्या आमच्या रेजनी तर या वर्षी पहिले तेरा ओळीने जिंकले. मिलवॉकीच्या अण्णांनी सांगितलेल्या विक्रमाची बरोबरी. १४ एप्रिलला टोरोंटोत पहिला पराभव झाला. अजूनही सगळ्या बेसबॉलमध्ये आम्हीच वर. त्यामुळे तुमची अवस्था मला बरोबर कळते. रोज सकाळी उठून आधी तक्ता बघायचा, मग चहा.

प्रामाणिकपणे सांगायचं तर पुढचे तीन दिवस तुम्हाला जड जातील. आमची पिचिंग सध्या फार चांगली आहे. पण तुमच्या पिचर केलरकडे माझं लक्ष आहे, तो मुलगा या वर्षी वेगळाच टाकतोय.

आणि एक बोलायचं राहिलेलं बोलून टाकतो. २०१८ च्या जुलैअखेरीस तुमच्याकडून ग्लासनाउ, मेडोज आणि बाझ असे तिघे आम्हाला मिळाले, आर्चरच्या बदल्यात. इथे आम्ही अजून त्या दिवसाबद्दल आनंदाने बोलतो. तुमच्याकडे ती जखम आहे, हे मला माझ्या पिट्सबर्गच्या साडूमुळे ठाऊक आहे. रेनॉल्ड्सला तुम्ही ठेवून घेतलंत हे वाचून म्हणूनच बरं वाटलं. त्या करारात मला २०-८ पेक्षा जास्त अर्थ दिसतो. सामने येतील-जातील, पण मालकाने पैसा काढला.


पहाटपाळी_पुणे
२ मे २०२३

माधवीताई, पुण्यातूनही एक पायरेट्सवाला आहे म्हणून हात वर करतो.

मी कॉलेजात सॉफ्टबॉल खेळायचो. २००८ मध्ये रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेकवाल्या मुलांना पायरेट्सनी करारबद्ध केल्याची बातमी आली. अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉलचा करार मिळालेले ते पहिले भारतीय. आपल्याकडच्या, हातात कधी ग्लोव्ह न घातलेल्या मुलांना ज्या क्लबने घेतलं तो आपला क्लब, असं मी तेव्हा ठरवलं. ते दोघे मेजर लीगपर्यंत पोचले नाहीत. मी मात्र राहिलो.

तुमचे संध्याकाळचे सामने इथे पहाटे चार-साडेचारला लागतात. आवाज बंद करून बघतो, घरचे झोपलेले असतात. मॅगी आला तेव्हा सहा वाजून गेले होते आणि दूधवाला बेल वाजवत होता. मी दार उघडलं नाही. फक्त चित्र दिसत होतं, माणसं उभी आहेत, उभीच आहेत, आणि तो हेल्मेट नीट करतोय. शेवटी न राहवून आवाज मोठा केला. बायको उठून आली आणि काहीही न विचारता शेजारी बसली. तिला मी मॅगीची तेरा वर्षं सांगितली. ती शाळेत शिक्षिका आहे, सात वर्षं तिची नेमणूक अडकली होती. ती त्या दिवसापासून मला रोज सकाळी विचारते, 'तो मॅगी खेळला का आज?'

तुम्ही लिहिलंत की ईशान त्याच मैदानात बसून 'के' लिहायला कचरत होता. ताई, मी तेव्हा इथे पुण्यात बसून तोच क्षण बघत होतो, एवढं तुम्हाला सांगायचं होतं.

तिकिटांबद्दल माझं मत विचाराल तर बाबांनाच विचारा. आपण त्यांच्या वतीने ठरवत बसतो, आणि त्यांच्या मनात वेगळंच असतं.


डेट्रॉइट_देशपांडे
२ मे २०२३

सगळे हरलेल्या गोष्टीच सांगताहेत म्हणून आमची एक. १९८४, टायगर्स, पहिल्या चाळीसात ३५-५. चौथ्याच सामन्यात जॅक मॉरिसचा नो-हिटर. १०४ जिंकले आणि वर्ल्ड सिरीजही घेतली. म्हणजे चांगली सुरुवात खरीही निघते. ईशानला सांगा, डेट्रॉइटच्या काकांनी सांगितलंय.


माधवी_मोनरोव्हिल
५ मे २०२३

तिन्ही हरलो. सावंतदादा, तुम्ही म्हणालात तसंच झालं. शेवटचा ३-२ होता, तो हातातला वाटत होता. ईशान जेवला नाही नीट, पण वही पूर्ण केली.

पहाटपाळी, तुमचं उत्तर वाचून मी तशीच फोन घेऊन मागच्या अंगणात गेले आणि बाबांना लावला. त्यांना सगळं सांगितलं: शेजारचे आजोबा, वही, ६७ चा हिशेब. त्यांना बेसबॉल ओ की ठो कळत नाही. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ईशानला फोन दे. त्याला एवढंच म्हणाले, 'तुझी टीम ऑक्टोबरात खेळणार असेल तर आजोबा दिवाळीपर्यंत थांबतील. तेव्हा करू पंचाहत्तरी. फराळही असेल.' मग मला म्हणाले की तीन हरले म्हणून आता बदलू नकोस, पोराला शब्द दिलाय.

नोव्हेंबरची तिकिटं काढली. ऑक्टोबर मोकळा ठेवलाय.


माधवी_मोनरोव्हिल
१४ ऑक्टोबर २०२३

मंडळी, सगळ्यांना नमस्कार. उन्हाळ्यात तुमच्यापैकी दोघा-तिघांनी विचारणा केली होती, तेव्हा उत्तर द्यायचं जमलं नाही. आज सविस्तर लिहिते.

तुम्हाला माहीतच आहे, आम्ही ७६-८६ झालो. टँपानंतर टोरोंटो घरी येऊन तिन्ही घेऊन गेलं, ओळीने सात पराभव. मग जूनमध्ये ओळीने दहा. हिशेबनीस, तुमचे ७१ आणि ८०, त्यांच्या अगदी मधोमध आलो. आणि या वर्षी ८७ सुद्धा लागले नाहीत, ८४ वर आत गेले. त्या ८४ वाल्या ॲरिझोनाने परवा डॉजर्सना सरळ तीन सामन्यांत घरी पाठवलं. आम्ही आठ सामन्यांनी कमी पडलो. ईशानने ते आठ कुठले असते याची यादी केलीय. त्यात टँपाचा तो ३-२ पहिला आहे. सावंतदादा, तुमचे ९९ जिंकून दोन दिवसांत बाहेर गेले, फार वाईट वाटलं.

अण्णा, तुमचं ऐकलं. मे ते सप्टेंबर आम्ही अकरा सामने मैदानावर जाऊन पाहिले. ११ जूनला मेट्सविरुद्ध मॅककचनने दोन हजारावा हिट मारला, तेव्हा आम्ही तिसऱ्या बेसच्या मागे होतो. इनिंगच्या मधे ती पिरोगींची शर्यत लागते ना, करंजीच्या आकाराचे मोठमोठे पोशाख घालून माणसं पळतात, ती त्या दिवशी ईशानने पाहिलीसुद्धा नाही. वहीतल्या त्या चौकोनाशेजारी २००० लिहून तो आकडा परत परत गिरवत होता. सप्टेंबरात मॅककचनच्या टाचेची शीर दुखावली आणि हंगाम संपला. होमर २९९ वर थांबले. केलर आणि बेडनार दोघेही ऑलस्टारला, म्हणजे निवडक खेळाडूंच्या सामन्याला, गेले. मॅगी फार थोडे सामने खेळून परत खाली गेला. पहाटपाळी, वहिनींना सांगा की त्याचं पान आमच्याकडे आहे.

काल १३ ऑक्टोबर होता. पिट्सबर्गच्याच ओकलंड भागात विद्यापीठाजवळ फोर्ब्स फील्ड हे पायरेट्सचं जुनं मैदान होतं, १९६० चा तो सामना तिथेच झाला. मैदान केव्हाच पाडलं, पण बाहेरच्या भिंतीचा एक तुकडा आणि झेंड्याचा खांब अजून उभे आहेत. दर १३ ऑक्टोबरला तिथे माणसं जमतात आणि त्या सामन्याचं जुनं रेडिओवरचं समालोचन पहिल्यापासून शेवटपर्यंत लावतात. आजोबा दरवर्षी जायचे. काल शेजारच्या आजींनी विचारलं, येतेस का सोबत? शुक्रवार होता, ईशानच्या शाळेत चिठ्ठी दिली आणि तिघं गेलो. ऑक्टोबर मोकळाच होता.

घडीच्या खुर्च्या, थर्मास, बरीचशी पांढऱ्या केसांची माणसं. आजींनी आजोबांची टोपी आणली होती, ती मांडीवर ठेवून बसल्या. आजोबांच्या वहीत एकच कोरं पान उरलं होतं, ईशानने ते खास राखून ठेवलं होतं. रेडिओवर पहिला बॅटर आला आणि त्याने लिहायला सुरुवात केली. ४-०. मग यँकीज ७-४ पुढे. आठव्या इनिंगला पायरेट्सच्या पाच धावा, त्यातल्या तीन हॅल स्मिथच्या एका फटक्यात, तेव्हा तिथे बसलेली माणसं त्रेसष्ट वर्षांपूर्वीच्या धावांना टाळ्या वाजवत होती. मग ९-९. नवव्याला मॅझेरोस्की आला तेव्हा कोणी बोलेना. तीन वाजून छत्तीस मिनिटांनी, म्हणजे त्या दिवशी ज्या मिनिटाला तो होमर गेला त्याच मिनिटाला, समालोचकाचा आवाज चढला. आजी उठून उभ्या राहिल्या. ईशानने शंकरपाळा आतून भरला, इतका दाबून की पेन्सिलीचं टोक मोडलं. १०-९.

नंतर तो बराच वेळ पान वर-खाली बघत होता. मला वाटलं काहीतरी चुकलं. म्हणाला, 'आई, यात एकही के नाही.' मी पाहिलं, खरंच नव्हता. दोन्हीकडचा एकही माणूस तीन स्ट्राइकवर बाद झाला नाही. शेजारच्या खुर्चीवरचे एक आजोबा म्हणाले, वर्ल्ड सिरीजच्या इतिहासात असा सामना हा एकच. आजींना हे ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, 'त्यांना सांगायचं नव्हतं तुला. तू लिहिशील तेव्हा तुला दिसू दे, म्हणायचे.'

सात नोव्हेंबरला आम्ही निघतोय. ईशानने वही हातातल्या बॅगेत भरून ठेवलीय. ती बाबांना एक-एक चौकोन समजावून सांगायची आहे, आणि बाबांनी त्यासाठी पेन्सिल आणायला सांगितलीय.